आठ दशांश

९ मार्च

चिरंजीव शेंडेफळास,

मोठ्या काकाचा आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल आहोत. तुझ्या काकूचा गुडघा कुरकुरतो, परंतु ती स्वतः त्याहून अधिक कुरकुरते, सबब काळजीचे कारण नाही.

तू पाठविलेला तुमच्या संस्थेचा अहवाल पोहोचला. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे नाव छापील पुस्तकावर पाहून मी तो शेजारच्या चार घरी दाखवून आणला आणि मगच वाचावयास घेतला. चौथी शिकलेल्या माणसास त्यातील निम्मे समजले नाही, हे मी मान्य करतो. परंतु पान एकशे बारावर केवळ आकडे आहेत, आणि आकडे मला समजतात. एकतीस वर्षे मी ह्या गावच्या हवामान केंद्रात दुसरे काही केलेले नाही.

त्या पानावर आमच्या केंद्राचा तक्ता आहे. डाव्या रकान्यात 'मूळ नोंद', उजव्या रकान्यात 'समायोजित नोंद'. माझ्या जागी सहा वर्षांपूर्वी जे नवे निरीक्षक आले (पदवीधर आहेत, तरीही वक्तशीर आहेत), त्यांना मी ह्या शब्दाचा अर्थ विचारला. ते मान खाली घालून म्हणाले, "काका, समायोजित म्हणजे दुरुस्त केलेली."

मी एके ठिकाणी अडतीस पूर्णांक चार लिहिले होते. तेथे तुम्ही एकोणचाळीस पूर्णांक दोन केले आहे. खाली पाहिले, वर पाहिले. तेवीस वर्षांपूर्वीच्या मार्चपासून पुढे प्रत्येक उन्हाळ्यात तुम्ही माझ्या नोंदीत आठ दशांश मिळवीत गेला आहात.

मी विचारतो, कोणाच्या परवानगीने? पांढऱ्या झडपांच्या पेटीसमोर मी उभा होतो. तापमापक मी पाहिला. तापात असताना पाहिला, तुझे आजोबा वारले त्या दिवशी पाहिला. पारा जेथे होता तेथेच लिहिला. स्वतःच्या सोयीसाठी एक दशांशही इकडचा तिकडे केला नाही. आणि तुम्ही तीनशे कोसांवर गार खोलीत बसून मला सांगता की पारा तेथे नव्हताच. ह्याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

अहवालाच्या आरंभी लिहिले आहे की साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत आहे. वाढत असेल. परंतु माझ्या वहीत चोवीस वर्षांपूर्वी उन्हाळा जेथे होता तेथेच आज आहे. वही तुमच्या म्हणण्यास साक्ष देईना, म्हणून साक्षीदारालाच खोटे ठरविले, असा ह्याचा अर्थ मी लावू काय? उत्तर द्यावे. सवडीने नको.

तुझा,
मोठा काका

१७ मार्च

ती. मोठ्या काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला खोटं कुणीही ठरवलेलं नाही. आमच्याकडे साडेतीनशे केंद्रांच्या वह्या आहेत. खाडाखोड नसलेली वही म्हणून मी नव्या मुलांना तुमचीच दाखवते.

पण काका, एक दिवस किती तापला ही झाली हवा. तीस-चाळीस वर्षांत ते तापणं कसं बदलत गेलं, हे हवामान. दीडएकशे वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण सव्वा ते दीड अंशानं वाढलंय. आपण कोळसा आणि तेल जाळतो, त्याचा वायू पृथ्वीवर पांघरुणासारखा साचतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. सगळी वाढच एवढी, म्हणून एखाद्या केंद्रात आठ दशांशाचा फरक पडला तर तो आम्हाला शोधावाच लागतो.

तो शोधतो कसा, तर शेजाऱ्यांना विचारून. तुमच्या चहूबाजूंना चार केंद्रं आहेत. आधीची चौदा वर्षं तुमचा पारा त्यांच्या बरोबरीनं चढायचा आणि उतरायचा. तेवीस वर्षांपूर्वीच्या मार्चात तो अचानक त्यांच्याखाली गेला आणि खालीच राहिला. पुढे सगळेच सारखे तापत गेले, तुमचा पारा मात्र आठ दशांश खालून. सगळं गाव एका रात्रीत गार होत नाही. म्हणजे पेटीजवळ काहीतरी बदललं.

आणखी एक गंमत आहे. हा फरक फक्त कोरड्या महिन्यांत दिसतो. पावसाळ्यात तुमचा पारा आणि शेजाऱ्यांचा पारा अगदी बरोबरीनं चालतो. तापमापक बिघडला असता तर तो बाराही महिने बिघडलेला दिसला असता.

ही दुरुस्ती काल-परवाची नाही. पाच वर्षांपूर्वी केली, तीन बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासली. छापली फक्त आता. तेव्हा रागावू नका. एवढंच आठवून सांगा: तेव्हा पेटी हलवली होती का? जवळ काही बांधलं, काही पाडलं?

काकूंना गुडघा शेकायला सांगा. ऐकणार नाहीत, तरी सांगा.

तुमची,
शेंडेफळ

२६ मार्च

चिरंजीव शेंडेफळास,

आशीर्वाद. पेटी हलविली नाही. काही बांधले नाही, काही पाडले नाही. चार शेजारी एकीकडे आणि मी दुसरीकडे, म्हणून मीच चुकलो, हा न्याय पंचायतीत चालत असेल. तापमापकापुढे चालत नाही. त्या चार केंद्रांची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका ठिकाणी आवारात गुरे बसतात. दुसऱ्या ठिकाणी सगळे उजाड, जमिनीला भेगा, पायाखाली फुफाटा. अशा माणसांच्या नोंदीवरून माझी नोंद तपासता?

आमचे आवार कसे आहे ते तू लहानपणी पाहिले आहेस. कुंपणाआत नळ आल्यापासून मी तेथे जी हिरवळ राखली, तीवर तू लोळलीही आहेस. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात पाणी. सेवानिवृत्त झालो तरी पाणी मीच घालतो. नवे निरीक्षक नको म्हणत नाहीत. तपासनीस साहेब दर वर्षी त्या हिरवळीवर खुर्ची टाकून चहा घेत आणि म्हणत, "ह्या विभागात केंद्र असावे तर असे." उत्कृष्ट आवाराचे प्रशस्तिपत्र मला लागोपाठ चार वर्षे मिळाले आहे. पाचव्या वर्षी दुसऱ्यास दिले ते केवळ त्याला वाईट वाटू नये म्हणून, असे साहेबांनी मला खाजगीत सांगितले.

आता दुसरी गोष्ट. माझी बाजू ऐकणारा एक मनुष्य मला भेटला आहे.

तुला ठाऊक असेल, येथे दगडखाणींना नऊ वर्षांपासून एक नियम आहे. आमच्या केंद्रात दुपारी बारा वाजता चाळीस अंश भरले की निरीक्षकाने खाणीच्या कचेरीत दूरध्वनी करावयाचा, तेथे लाल बावटा चढतो, आणि काम चार वाजेपर्यंत थांबते. पहिली तीन वर्षे तो दूरध्वनी मीच करीत असे. गेल्या वर्षी नऊ मे रोजी एक दगडफोड्या काम करता करता पडला आणि संध्याकाळी वारला. त्याच्या सोबत्यांचे म्हणणे, उन्हाने गेला. त्या दिवशी बाराची नोंद एकोणचाळीस पूर्णांक पाच होती, बावटा चढलेला नव्हता. खाणमालकांचे म्हणणे, उन्हाचा काही संबंध नाही, आणि हा नियमच रद्द व्हावा. बारा मे रोजी कामगार कार्यालयात त्याची सुनावणी आहे.

मालकांचे वकील परवा घरी आले होते. तुमचा अहवाल त्यांनी वाचला आहे. मला म्हणाले, "आजोबा, तुमच्यासारखी माणसे आता घडत नाहीत. आणि तुमच्याच घरच्यांनी तुमच्या वहीवर बोळा फिरवावा?" तुझी काकू आतून म्हणाली, "ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही." मी तिकडे लक्ष दिले नाही. वकिलांनी निवेदन लिहून आणले होते: माझ्या नोंदी अचूक आहेत, संस्थेने केलेली वाढ निराधार आहे, आणि येथील उन्हाळा चोवीस वर्षांत वाढलेला नाही. प्रत्येक वाक्य मला खरे वाटले. मी सही केली. सुनावणीत तोंडी साक्षही देणार आहे. नात्याचा मुलाहिजा ठेवणार नाही, हे आधी कळवितो.

तुझा,
मोठा काका

२ एप्रिल

ती. मोठ्या काकांस,

नमस्कार. सांगायला जड जातंय, पण तुमच्याच पत्रात उत्तर सापडलं. ते पाणी, काका.

कोरड्या जमिनीवर ऊन पडलं की जमीन तापते आणि वरची हवा तापवते. जमीन ओली असेल तर उन्हाचा बराच जोर पाणी सुकवण्यात जातो. हवेच्या वाट्याला कमी येतो. बाटलीला ओलं फडकं गुंडाळतो आपण, तसंच. म्हणून फरक फक्त कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात सगळीकडेच ओलं, तेव्हा तुमची हिरवळ आणि शेजाऱ्यांचा फुफाटा सारखेच. मी काल तुमच्या दमटपणाच्या नोंदीही काढल्या. त्याच मार्चपासून उन्हाळ्यातला दमटपणा वाढलाय. नळ तेव्हाच आला ना?

तुमचा आकडा खोटा नव्हता. तो त्या हिरवळीचा आकडा होता. गावाचा नव्हता, खाणीचा तर नव्हताच. आणि उन्हाळा तुमच्या वहीत वाढला नाही, कारण नळ आला तेव्हा पारा एकदम आठ दशांश खाली आला आणि पुढे हळूहळू तेवढाच वर चढला; वाढ पाण्यानं पुसली गेली.

नियमांच्या पुस्तकात कलमच आहे: आवारातली जमीन आसपासच्या जमिनीसारखी ठेवावी, तिला पाणी घालू नये. तुम्ही ते वाचलं नव्हतं का?

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच पडताळून पाहा. पण तोवर त्या वकिलाला अजून काही लिहून देऊ नका. पाया पडते.

शेंडेफळ

२८ एप्रिल

चिरंजीव शेंडेफळास,

आशीर्वाद. तुझे पत्र पाच तारखेस मिळाले. तुला खोटे पाडावे ह्या एकाच हेतूने मी पुढील गोष्टी केल्या.

कोठीत जुनी झडपांची पेटी पडून होती. ती घासून, रंगवून, कुंपणाबाहेर चाळीस पावलांवर उजाड जमिनीवर उभी केली. आतील पेटीसारखाच, तपासलेला तापमापक नव्या निरीक्षकांनी लेखी पोच घेऊन दिला. सहा तारखेपासून दहा दिवस नेहमीप्रमाणे पाणी घातले आणि दोन्ही पारे दुपारी बारास वाचले. बाहेरचा पारा दररोज वर. कधी सात दशांश, कधी नऊ. नवे निरीक्षक म्हणाले, "काका, बाहेरची पेटी नवीन रंगाची आहे, त्यामुळे असेल." तो मनुष्य माझी समजूत काढीत होता. मी दोन्ही तापमापकांची अदलाबदल करून पाहिली. फरक तापमापकाबरोबर गेला नाही, हिरवळीपाशीच राहिला.

सोळा तारखेस नळ बंद केला. पाचव्या दिवशी गवत पिवळे पडले, आठव्या दिवशी वाळले. तुझी काकू म्हणाली, "एवढा जीव लावलात, निदान कडेच्या गवताला तरी घाला." घातले नाही. सव्वीस तारखेस दोन्ही पाऱ्यांत एक दशांशाचा फरक उरला.

तुझे म्हणणे खरे आहे. हे वाक्य लिहिण्यास मला दोन दिवस लागले.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. ते पुस्तक मी वाचले नव्हते, कारण ते मला कोणी दिले नाही. ते विभागीय कचेरीच्या कपाटात असे. मला मिळाला तो सूचनांचा एक कागद. त्यावर होते, 'आवार स्वच्छ व नीटनेटके ठेवावे.' मी ठेवले. ज्यांनी पुस्तक वाचले होते, ते माझ्या चुकीवर खुर्ची टाकून चहा पीत होते आणि तिचे प्रशस्तिपत्र देत होते.

परंतु त्यांच्याबद्दल मी नंतर लिहीन. आज मला तुझ्याशी बोलावयाचे आहे.

तू सतरा मार्चच्या पत्रात लिहिलेस की ही दुरुस्ती पाच वर्षांपूर्वीच झाली, तीन तज्ज्ञांनी तपासली. म्हणजे आमच्या केंद्रात एकोणचाळीस पूर्णांक पाच दिसतात तेव्हा बाहेर चाळीस ओलांडलेले असतात, हे तुम्हाला पाच वर्षे ठाऊक होते. तुम्ही माझा आकडा सुधारलात, तो आपल्या तक्त्यात मांडलात, आणि तक्ता कपाटात ठेवलात. खाणीवर मात्र माझाच आकडा चालू राहिला. एक पत्र, केवळ एक पत्र, आम्हाला किंवा कामगार कार्यालयाला तुम्ही का लिहिले नाही? "तुमच्या केंद्रात काही बदलले काय," हा प्रश्न तू मला गेल्या महिन्यात विचारलास, तोही मी भांडलो म्हणून. पाच वर्षांपूर्वी विचारला असता तर नळाचे उत्तर तेव्हाच मिळाले असते, आणि गेल्या वर्षी नऊ मे रोजी बावटा चढला असता.

साऱ्या पृथ्वीचा ताप तुम्हाला दशांशापर्यंत मोजता येतो. त्या तापात दगड फोडणारा मनुष्य तुमच्या कोणत्या रकान्यात येतो?

मी शिकलेला नाही, म्हणून चुकलो. तुम्ही शिकलेली माणसे बरोबर होता आणि गप्प होता. ह्यांत अधिक वाईट कोणते, ते मला ठरविता येत नाही. तू ठरव.

मोठा काका

४ मे

ती. मोठ्या काकांस,

तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही की तो आकडा कुठे वापरला जातो. माझ्याही नाही. मी तक्ता बरोबर आला म्हणून खूश होते, आणि तो माझ्या काकांच्या केंद्राचा आहे म्हणून जास्तच खूश होते.

सुनावणीला येऊ द्या म्हणून संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "आपलं काम मोजायचं. खाणीचं काम कामगार कार्यालयाचं." मी म्हटलं, "आणि सांगायचं काम कुणाचं?" त्यांनी परवानगी नाकारली. म्हणून सोबत माझ्या सहीचं निवेदन पाठवते आहे. पाच वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीची तारीख त्यात स्पष्ट लिहिली आहे. संस्था नाराज होईल, होऊ दे.

तुम्ही वकिलाला दिलेलं निवेदन मागे घ्याल का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

शेंडेफळ

१४ मे

चिरंजीव शेंडेफळास,

आशीर्वाद. परवा सुनावणी झाली. जे घडले ते क्रमाने लिहितो.

आधी तीन दिवस बसून नऊ वर्षांच्या बाराच्या नोंदी मी पुन्हा वाचल्या. एकोणचाळीस पूर्णांक दोन ते एकोणचाळीस पूर्णांक नऊ ह्यांमधील दिवस वेगळे काढले. म्हणजे बावटा चढावयास हवा होता आणि चढला नाही, असे दिवस. ते एकाहत्तर निघाले. त्यांतील चोवीस माझ्या हातचे. त्या चोवीस दिवशी मी दूरध्वनीपाशी बसून होतो, आणि आकडा चाळीसच्या आत आहे म्हणून मला बरे वाटले होते, हेही मला आठवते.

कामगार कार्यालयाची खोली लहान आहे. अधिकारी बाई पंख्याखाली, वकील खिडकीपाशी, खाणीची माणसे भिंतीला टेकून उभी. वकिलांनी माझे निवेदन मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "आजोबा, सही आपलीच ना?"

मी म्हणालो, "सही माझी आहे. चूकही माझीच आहे. ती मी वेगळ्या कागदावर लिहून आणली आहे."

ते हसून म्हणाले, "वय झालं की गोंधळ होतो माणसाचा. पुतणीनं काही लिहिलं का?"

मी म्हणालो, "लिहिले. मी तिला झाडले, तेही लिहिले. तिचे पत्र आणि माझ्या पत्राची नक्कल, दोन्ही मजजवळ आहेत. आपणास कोणते आधी वाचून दाखवू?"

अधिकारी बाईंनी वकिलांना बसण्यास सांगितले. मी दोन पाऱ्यांचा तक्ता दिला, तुझे निवेदन दिले, वाळलेले गवत पाहण्यास यावे असे सांगितले. नंतर एकाहत्तर तारखा उभ्याने वाचल्या. बाई म्हणाल्या, "बसून वाचा." मी बसलो नाही. मधेच वकील म्हणाले, "ह्या सगळ्या वाचायची गरज आहे का?" भिंतीकडून कोणी तरी म्हणाले, "तुम्हाला उन्हात नाही बसवलं साहेब, वाचू द्या त्यांना."

तपासनीस साहेबांच्या चहाबद्दलही मी सांगितले, आणि तुमच्या कपाटातील तक्त्याबद्दलही. तुझे नाव वगळले नाही. तुला ते अपेक्षित असेल.

नियम कायम राहिला. ह्यापुढे बाराची नोंद बाहेरच्या पेटीवरून घ्यावयाची आहे, आणि नऊ वर्षांच्या नोंदींवर 'ओल्या जमिनीवरील' असा शेरा मारावयाचा आहे. तो शेरा माझ्याच हस्ताक्षरात असावा, अशी मी विनंती केली. ती मान्य झाली. कालपासून लिहीत आहे.

बाहेर पडताना एक बाई दाराशी थांबलेली होती. नऊ मेला वारलेल्या दगडफोड्याची पत्नी. मी हात जोडले. तिने विचारले, "त्या दिवशीही घातलं होतं पाणी?"

मी म्हणालो, "होय. साडेसहा वाजता."

ती म्हणाली, "साडेसहालाच तो डबा घेऊन निघाला. तुमच्या कुंपणावरूनच जायचा. म्हणायचा, तिथे दोन मिनिटं गार वाटतं."

मोठा काका